पुण्याच्या टेकड्या आणि त्यांची नावे

गावाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा सपाटीवरच फिरतो. पेठा, वाडे, देवळे, पूल ह्यांची आठवण आपल्याला चटकन होते आणि त्यांच्या सनावळ्याही आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात. ज्या टेकड्या ह्या सर्वांच्या आधी येथे उभ्या होत्या आणि ज्यांच्या कुशीत हे पुणे वसले, त्यांच्याकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून आपण क्वचितच पाहतो. टेकडी म्हणजे सकाळी फिरावयास जाण्याची जागा, फार तर देवदर्शनाची, एवढीच तिची आपल्या मनातली नोंद असते. आज मला आपल्यापुढे ह्या टेकड्यांचा, आणि विशेषेकरून त्यांच्या नावांचा, विषय मांडावयाचा आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका साध्या प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी एका सकाळी शहराच्या पश्चिमेकडील डोंगरावर मी उभा होतो. बरोबर परगावचे एक स्नेही होते. त्यांनी वाटेवरच्या एका तरुण विद्यार्थ्याला विचारले, “ह्या टेकडीचे नाव काय हो?” तो म्हणाला, “एआरएआय टेकडी.” थोडे पुढे गेल्यावर काठी टेकीत येणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितले, “ही आमची लॉ कॉलेजची टेकडी.” उतरणीला लागलो तेव्हा पायथ्याच्या वस्तीतली एक म्हातारी बाई डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन चालली होती. तिलाही माझ्या मित्राने तोच प्रश्न केला. ती क्षणभर थांबली आणि ज्याला एवढेही ठाऊक नाही त्याच्याकडे पाहावे तसे पाहून म्हणाली, “वेताळाची की! दुसऱ्या कुणाची असणार?”

डोंगर एकच, नावे तीन. तिघेही खोटे बोलत नव्हते. विद्यार्थ्याला मोटारींच्या संशोधनाची संस्था दिसत होती, वृद्ध गृहस्थांना आपल्या तरुणपणचे विद्यालय दिसत होते आणि त्या बाईला डोंगराचा धनी दिसत होता. घरी येताना मनात आले की, टेकडीचे नाव आपल्याला टेकडीविषयी जितके सांगते त्याहून अधिक ते नाव घेणाऱ्याविषयी सांगते. कोण त्या वाटेने चढला, कशासाठी चढला, आणि कोणाला चढू दिले नाही, हे सगळे त्या नावांच्या थरांत साठलेले असते. हे थर आपण एकेक करून उलगडून पाहू.

प्रथम ह्या टेकड्या आहेत तरी काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ह्या भूमीवर भेगांतून तप्त लाव्हा वारंवार वाहत आला. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे होत होत काळ्या दगडाचे थरावर थर बसले. पुढे ऊन, पाऊस आणि नद्या ह्यांनी मऊ थर झिजविला, कठीण थर राहिला. म्हणून आपल्याकडील डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्या-पायऱ्यांचे असतात. पुण्याच्या दक्षिणेस सिंहगडापासून भुलेश्वराकडे सह्याद्रीचा एक फाटा पूर्वेला गेला आहे. कात्रज, तळजाई, पर्वती ही त्याच्याच बाजूची पिलावळ. पश्चिमेस वेताळ, हनुमान टेकडी आणि चतुःशृंगी ह्यांची दुसरी रांग. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. पर्वती सुमारे २,१०० फूट, तर वेताळाचा माथा सुमारे २,६०० फूट. जुन्या शहराच्या हद्दीतील तीच सर्वांत उंच जागा.

आता नावांकडे वळू. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांची जुनी नावे नुसती ओळीने उच्चारून पाहा: तळजाई, वाघजाई, तुकाई. शेवटी ‘आई’ हा शब्द सर्वत्र आहे. बाणेरच्या टेकडीवर तुकाई आहे आणि तिच्या पायथ्याशी कातळात खोदलेले बाणेश्वराचे लेणे आहे. वाघजाईचे नाव तर स्वतःच बोलते. जेथे वाघाचे भय आहे तेथे वाघापासून राखणारी आई हवी. ही नावे कोणा राजाने सनद देऊन ठेवलेली नाहीत. गुरे घेऊन डोंगरावर जाणाऱ्या माणसाने, सरपण आणणाऱ्या बाईने, वाटसराने ती ठेवली आहेत. रानात पाय टाकताना ज्या देवतेचे नाव तोंडी आले, तेच डोंगराला चिकटले.

ह्या आयांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा एक विलक्षण माणूस ह्याच पुण्यात राहत होता. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांना ह्या टेकड्यांवर पायी हिंडण्याचा नाद होता. हिंडताना त्यांची नजर जमिनीवर असे. त्यांना ह्या परिसरात गारगोटीची बारीक, धारदार अशी आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ ह्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, ज्या ठिकाणी ही जुनी मातृदेवतांची ठाणी आहेत, ती पुष्कळदा आजच्या गावांपासून दूर, पण प्राचीन पायवाटांच्या जवळ किंवा त्यांच्या तिठ्यांवर आहेत. म्हणजे नांगर येण्यापूर्वी, गावे बसण्यापूर्वी, ऋतुमानाप्रमाणे गुरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जेथे एकमेकींना मिळत, तेथे ह्या देवता बसल्या. देवीपर्यंत आलेली वाट देवीहून जुनी असू शकते, हा विचार त्यांनी आपल्याला दिला. आपल्या पायांखालची टेकडीची पायवाट हा शनिवारवाड्याहून कितीतरी जुना ऐतिहासिक पुरावा असू शकतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

आयांच्या शेजारी वेताळ. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, असे आपण लहानपणी गोष्टींत ऐकतो. परंतु खेड्यातील माणसाच्या मनात वेताळ केवळ भीतीचा देव नाही. तो वेशीबाहेरचा राखणदार आहे. गावात भुताखेतांनी येऊ नये म्हणून त्यांच्या राजालाच वेशीवर बसविले, असा त्यामागचा व्यवहारी विचार. कोठे घडीव मूर्ती नसते, नुसता शेंदूर फासलेला तांदळा असतो. पण त्याचा अधिकार कोणी अमान्य करीत नाही. सर्वांत उंच माथ्यावर, जेथून सगळा मुलूख दिसतो, तेथे पहारेकऱ्याने बसावे हे योग्यच होय. मोळीवाल्या बाईचे उत्तर ह्या थरातले होते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. नावांमागे ज्या कथा सांगितल्या जातात त्या नेहमीच इतिहास नसतात. ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या दाराशीच आहे. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. कौंडिण्य ऋषीवरून ते पडले अशी समजूत आहे. पुढे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन गड घेतला, त्या नरसिंहाच्या स्मरणार्थ गडाचे नाव सिंहगड ठेवले, असे आपण सारे मानत आलो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने ही गोष्ट घरोघर नेली. परंतु १६६३ सालच्या शिवाजीमहाराजांच्या एका पत्रात किल्ल्याचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आढळतो. म्हणजे तानाजीच्या पराक्रमाआधी सात वर्षे हे नाव रूढ होते. ह्याने तानाजीच्या बलिदानाला रतिभरही उणेपणा येत नाही. उलट लोकांनी त्या पराक्रमाला एवढे मोठे मानले की, आधीपासून असलेल्या नावाला त्यांनी नवा अर्थ दिला. कागद सांगतो नाव केव्हा होते. कथा सांगते लोकांना त्या नावात काय पाहावयाचे होते. अभ्यासकाला दोन्ही पाहिजेत, फक्त एकाच्या जागी दुसरे ठेवू नये.

ही सूचना मनात ठेवून चतुःशृंगीची कथा ऐकू. दुर्लभशेट नावाचा एक सधन व्यापारी वणीच्या सप्तशृंगीचा भक्त होता. दरवर्षी तो वणीला जाई. म्हातारपण आले, पाय थकले, वारी चुकू लागली. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन सांगितले, ‘तुला माझ्याकडे येववत नाही, तर मीच तुझ्याजवळ येते.’ पुण्याच्या वायव्येस डोंगरात देवी प्रकटली आणि तेथे देऊळ उभे राहिले. वणीला सात शिखरे म्हणून ती सप्तशृंगी. येथे चार, म्हणून ही चतुःशृंगी. ह्या नावाची घडण पाहण्याजोगी आहे. गुराख्याच्या तोंडचे ते नाव नव्हे. ते संस्कृत आहे, विचार करून ठेवलेले आहे आणि एका दूरच्या डोंगराची आठवण म्हणून ठेवलेले आहे. पुणे मोठे होऊ लागले, व्यापारी आणि सावकार येथे स्थायिक झाले, त्यांनी आपल्या देवताही बरोबर आणल्या, हा इतिहास त्या एका नावात आहे.

आता पर्वती. पुणेकराला टेकडी म्हटली की प्रथम तीच आठवते. लोकसमजूत अशी आहे की, ह्या टेकडीवर पूर्वीपासून पर्वतीआईचे लहानसे ठाणे होते. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई ह्यांच्या पायाला व्याधी जडली. ही देवी नवसाला पावणारी आहे असे कोणी सांगितल्यावरून त्यांनी नवस केला. पाय बरा झाला आणि त्यांचे पुत्र नानासाहेब पेशवे ह्यांनी नवस फेडण्यासाठी टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर बांधले. मंदिराचे वर्ष १७४९. गंमत अशी की, चतुःशृंगी आणि पर्वती ह्या दोन्ही टेकड्यांच्या कथांचे मूळ पायांत आहे. एकीकडे थकलेले पाय, दुसरीकडे दुखरा पाय. डोंगराशी माणसाचे नाते शेवटी पायांचेच असते, हे कथाकारांना बरोबर कळले होते.

नानासाहेबांनी देवाला नवे नाव दिले, देवदेवेश्वर. परंतु लोकांनी ते टेकडीला लावले नाही. राज्यकर्त्याचे देऊळ झाले, सोन्यारुप्याच्या मूर्ती आल्या, तरी टेकडी पर्वतीच राहिली. जुन्या नावाची ही चिवट शक्ती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते.

पेशवाईत पर्वती हे राज्याच्या मानाचे ठिकाण झाले. आंबिल ओढ्याला बांध घालून नानासाहेबांनी पायथ्याशी तळे केले. त्या तळ्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. तोच आपला तळ्यातला गणपती, सारसबागेतला. पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. वैभवाच्या ह्या टेकडीने दुःखही पाहिले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर एक पिढी कापली गेली. नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ तेथेच पडले. खचलेले नानासाहेब परत आले आणि २३ जून १७६१ रोजी ह्याच पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. आणखी छप्पन्न वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या बाजूला मराठ्यांची इंग्रजांशी लढाई झाली. दुसरे बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होते असे सांगतात. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पर्वतीने राज्याचा उत्कर्ष पाहिला तसा अस्तही पाहिला.

त्या लढाईला काहीजण गणेशखिंडीची लढाई म्हणतात. ह्या खिंडीच्या नावावर पुढचे सगळे एक शतक लिहिलेले आहे. डोंगरात जेथे वाट काढावयास जागा मिळते ती खिंड. तिच्या तोंडाशी गणपती असावा ही आपल्याकडची जुनी रीत, म्हणून गणेशखिंड. इंग्रज आले आणि मुंबईच्या गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामासाठी येथे भव्य प्रासाद उभा राहिला. १८६४ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्या वेळी काम सुरू झाले, ते १८७१ साली पुरे झाले. साहेबाने वाडा बांधला तरी ठिकाणाला तो गणेशखिंडच म्हणत राहिला. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून अधिकारी ह्या प्रासादातून परतत असता, ह्याच रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या तपासणीत झालेल्या जुलमाचा तो सूड होता. आणि १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते त्याच प्रासादात. एका खिंडीच्या नावात देव, परकी सत्ता, हुतात्मे आणि विद्या असे चार अध्याय आहेत. आज ती खिंड रस्त्याच्या रुंदीत हरवली आहे. नाव तेवढे रस्त्याने जपले आहे.

संस्थांवरून टेकड्यांना नावे पडू लागली ती ह्याच काळात. फर्गसन महाविद्यालय १८८५ साली निघाले आणि १८९५ साली टेकडीच्या पायथ्याच्या आजच्या जागेत आले. तेव्हापासून मागची टेकडी ‘फर्गसनची टेकडी’ झाली. माथ्यावरच्या मारुतीमुळे तिला हनुमान टेकडीही म्हणतात. सर जेम्स फर्गसन हे मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या पायांना त्या टेकडीची माती लागली असो वा नसो, नाव मात्र लागले. परंतु इतिहासाला अशा नावांची थट्टा करण्याची सवय आहे. १२ जून १९०५ च्या सकाळी ह्याच टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी आपल्या तीन सहकाऱ्यांसह देशसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाज जन्मास आला. ज्या टेकडीला इंग्रज गव्हर्नराचे नाव, तिच्यावर आयुष्य देशाला वाहण्याची शपथ! टेकडीचे नाव कोणी दिले ह्यापेक्षा तिच्यावर कोण चढले आणि चढून काय केले, हेच अखेरीस महत्त्वाचे ठरते.

हे वाक्य मी सहज बोललो नाही. कोण चढले असे विचारताना कोणाला चढू दिले नाही, हेही विचारावे लागते. आणि तो प्रश्न आपल्याला पुन्हा पर्वतीकडे नेतो. तिच्या शंभरावर थोड्या पायऱ्यांचे आपण पुष्कळ कौतुक केले आहे. पण त्याच पायऱ्यांच्या माथ्यावरचे देवाचे दार गावातील एका मोठ्या समाजाला बंद होते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी दलित नेत्यांनी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह आरंभिला. एस. एम. जोशी ह्यांच्यासारखे सवर्ण तरुणही त्यांच्याबरोबर होते. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोरील सत्याग्रहाच्या आधीची ही गोष्ट आहे. पर्वतीवर जाणाऱ्या ह्या निःशस्त्र माणसांवर दगडफेक झाली, मारहाण झाली. दरवाजा त्यांना उघडला नाही.

हे घडले ते ज्ञानाचे माहेर म्हणविणाऱ्या ह्या शहरात, आणि दगड मारणारे हात पुण्याचेच होते. ही गोष्ट आपण आपल्या इतिहासात फारशी सांगत नाही. पर्वतीवर चढताना मुलांना पानिपत सांगतो, काशीबाईंचा नवस सांगतो, आणि येथे थांबतो. मला वाटते, पर्वतीची कथा ह्या प्रकरणावाचून अपुरी आहे. एका दुखऱ्या पायासाठी ज्या टेकडीवर देऊळ झाले, त्याच देवळाने हजारो धडधाकट पायांना दारातून परत पाठविले. पुढे १९४७ सालच्या मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने ही आडकाठी दूर झाली. टेकडी साऱ्या गावाची आहे असे आपण म्हणतो, ते म्हणण्याचा अधिकार पुण्याला त्या सत्याग्रहींनी मार खाऊन मिळवून दिला.

ह्याच प्रश्नाचा दुसरा धागा नदीपलीकडे येरवड्याच्या टेकडीवर सापडतो. तेथील ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’ ह्या घरावरून त्या उंचवट्यालाही लोक पर्णकुटी म्हणू लागले. मे १९३३ मध्ये अस्पृश्यतेच्या पापाबद्दल आत्मशुद्धीसाठी म्हणून गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. सरकारने त्यांना येरवड्याच्या तुरुंगातून सोडले आणि तो उपवास पर्णकुटीत पुरा झाला. एक टेकडी दार लावणाऱ्यांची, दुसरी त्याबद्दल प्रायश्चित्त घेणाऱ्याची. आणि दोन्ही एकाच गावात.

मग १२ जुलै १९६१ चा दिवस उजाडला. पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे की, हातात सापडेल ते घेऊन माणसे उंच जागांकडे, पर्वतीकडे धावली. त्या दिवशी कोणी कोणाची जात विचारीत नव्हते. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या पायऱ्यांवर माणसे अडविली, त्याच टेकडीने आता येईल त्याला आसरा दिला. आपत्तीत टेकडी पुन्हा आपल्या पहिल्या अर्थाला आली: राखण करणारी आई.

आता शेवटचा थर, आपल्या स्वतःच्या काळाचा. ह्यात दोन प्रकारची नावे दिसतात. पहिला प्रकार, नाव राहिले आणि टेकडी गेली. गुलटेकडी म्हटल्यावर आपल्यापैकी किती जणांना टेकडी आठवते? भाजीपाल्याचा, फळांचा आणि भुसाराचा बाजार आठवतो. शब्दात टेकडी आहे. डोळ्यांना गाळे आणि मालमोटारी दिसतात. दुसरा प्रकार, टेकडी राहिली आणि जुने नाव मागे पडले. १९६६ साली स्थापन झालेल्या मोटार-संशोधन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांनी वेताळाच्या नावाशी स्पर्धा मांडली, हे आपण आरंभीच पाहिले. मी त्या विद्यार्थ्याला दोष देत नाही. तो त्या बाजूने चढला, त्याला जे दिसले ते त्याने म्हटले. गुराख्यानेही वेगळे काय केले होते?

परंतु टेकड्या कधीकधी शहराने टाकलेली नावे सांभाळून ठेवतात, हेही पाहण्यासारखे आहे. नदीपलीकडचे भांबुर्डा हे जुने गाव. आज आपण त्या भागाला शिवाजीनगर म्हणतो आणि भांबुर्डा हा शब्द पत्त्यांतून निघून गेला. तो उरला आहे वेताळाच्या उतारावरच्या राखीव रानाच्या नावात. तसेच तळजाईच्या रानाला ‘पाचगाव’ हे नाव आहे. भोवतालची शिवारे शहरात मिसळून गेली. त्या पाच गावांचा हिशेब रानाच्या नावाने ठेवला. सपाटीवर नावे लवकर पुसली जातात, डोंगरावर ती टिकतात.

मात्र टिकण्यासाठी डोंगर असावा लागतो! येथे विषय केवळ अभ्यासाचा राहत नाही. शहर वाढते आहे, माणसांना घरे हवीत, रस्ते हवेत, ह्याबद्दल वाद नाही. पर्वतीच्या उतारावर ज्या गरिबांनी निवारा केला त्यांच्याकडे बोट दाखविणे तर सर्वांत सोपे आणि सर्वांत अन्यायाचे आहे. पण डोंगर कापला म्हणजे काय होते हे निसर्ग आपल्याला सांगतो. डोंगराचा मुरूम आणि त्यावरचे गवत पावसाचे पाणी धरून ठेवतात व हळूहळू खाली सोडतात. ते गेले की पाणी एकदम उतरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस झाला. जागोजागी आवळलेल्या पात्रातून आंबिल ओढा वस्त्यांत घुसला आणि झोपेत असलेली कितीतरी माणसे प्राणास मुकली. हाच तो ओढा, ज्याला नानासाहेबांनी पर्वतीखाली तळ्यात विसावा दिला होता.

१९९७ साली भोवतालची गावे पालिकेत आली, तेव्हा त्यांच्या टेकड्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. बरीच वर्षे वाद होऊन तेथे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण मान्य झाले. २०२३ साली वेताळ टेकडीतून रस्ता नेण्याच्या योजनेविरुद्ध हजारो पुणेकर रस्त्यावर आले. त्यांत म्हातारे होते, मुले होती, रोज चढणारे होते आणि क्वचित चढणारेही होते. त्या रस्त्याच्या तांत्रिक बाजूंचा निवाडा मी येथे करीत नाही. मला एवढेच नमूद करावयाचे आहे की, त्या दिवशी लोकांच्या तोंडी आद्याक्षरे नव्हती, विद्यालयाचे नाव नव्हते. घोषणा होत होत्या त्या ‘वेताळ टेकडी’च्याच. संकट आले तेव्हा गावाला जुने नाव आठवले.

ह्यावरून मला जे म्हणावयाचे आहे ते आता थोडक्यात सांगतो. टेकडीचे नाव सनदेने टिकत नाही, पाटीने टिकत नाही. ते टिकते चढणाऱ्यांच्या पायांनी. गुराख्याच्या पायांनी तळजाई टिकली, नवसाच्या पायांनी पर्वती टिकली. आणि ज्या पायांना अडविले त्यांनीच पर्वती खऱ्या अर्थाने सर्वांची केली. ज्या टेकडीवर जाण्याची वाट बंद होते, मग ती रूढीने बंद होवो, कुंपणाने होवो की यंत्राने डोंगरच उचलून नेल्याने होवो, तिचे नाव आज ना उद्या नुसते पत्त्यातला शब्द होऊन उरते.

म्हणून श्रोत्यांना माझी एक विनंती आहे, आणि ती अगदी साधी आहे. आपल्या घरात किंवा शेजारात सत्तरी-ऐंशीचे कोणी असेल, आपल्याकडे कामाला येणारी एखादी वयस्क बाई डोंगराच्या पायथ्याला राहत असेल, तर तिला विचारावे: ह्या टेकडीला तुम्ही काय म्हणता? ह्या खिंडीला, ह्या ओढ्याला, ह्या खडकाला काय नाव आहे? जे सांगेल ते वहीत उतरून ठेवावे. कोणाकडून ऐकले, केव्हा ऐकले हेही लिहावे. आपल्या पिढीने ही नावे लिहून ठेवली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती विचारावयास माणूस सापडणार नाही.

आणि एखाद्या सुट्टीच्या सकाळी मुलांना घेऊन वर जावे. पर्वतीवर गेलात तर पानिपत जरूर सांगा, काशीबाईंचा नवस सांगा. पण उतरण्यापूर्वी देवळाच्या दाराशी क्षणभर उभे राहून १९२९ ची गोष्टही सांगा. वेताळाच्या वाटेने गेलात आणि मोळी घेऊन उतरणारी एखादी बाई दिसली, तर तिला आधी वाट द्या. ती वाट तिच्या पणज्यांनी पाडलेली आहे.